आतला माणूस

माझा नवरा चंद्रहास टीव्ही स्टेशनात नोकरी करतो, ही गोष्ट आम्ही लपवून ठेवायला हवी होती. पण त्याच्या आईने ती पुण्यात सगळ्यांना सांगितली, आणि पुण्यातून ती बातमी फिरून ऑकलंडला यायला फारसा वेळ लागला नाही. तेव्हापासून इथल्या मराठी माणसांची पक्की समजूत आहे की कौरी टीव्ही चंद्रहासच चालवतो.

कौरी टीव्ही म्हणजे न्यू लिनमध्ये एका कार्पेटच्या दुकानावरच्या चार खोल्या. त्यातल्या सगळ्यात आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत चंद्रहास पडद्यांसमोर बसतो आणि ठरलेल्या वेळी ठरलेलं बटण दाबतो. काय ठरवायचं ते ग्रेग ठरवतो. ग्रेग मॅनेजर आहे, बारा महिने शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालतो, आणि एकेकाळी स्वतः क्लबातून रग्बी खेळलेला आहे. पण एकदा 'आपला माणूस आत आहे' म्हटलं की तो आत बसून नेमकं काय करतो, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. त्या वर्षी सुनीतीचा कार्यक्रम सुरू झाला. सुनीती मूळची मिरजेची, इथल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी; दिवसभर तिचे फक्त डोळे लोकांना दिसतात, आणि ज्या पेशंटसाठी ती उभी असते तो तर झोपलेलाच असतो. हॉस्पिटलात तिला सगळे 'सू' म्हणतात. वर्षभर वेलिंग्टनच्या नेटवर्कच्या मागे लागून तिने अर्ध्या तासाचा एक मराठी कार्यक्रम मिळवला. नाव ठेवलं 'ख्यालीखुशाली'. कॅमेरा स्वतःचा, प्रश्न विचारणारी स्वतः, आणि सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर काटछाट करणारीही स्वतःच. खाली इंग्रजी ओळी. सुरुवातीला ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणायची, "नमस्कार, मी सुनीती." ते म्हणताना तिचा चेहरा असा काही उजळायचा की मला, जी तिच्याबरोबर रोज फोनवर बोलते तिलाही, ती नवीन वाटायची.

नेटवर्कने तिला एका हिवाळ्यापुरती वेळ दिली होती, शनिवारी दुपारी. लोकांनी बघितलं तर पुढे चालू, नाहीतर बंद. आणि लोक म्हणजे मुख्यतः ऑकलंडचे लोक, कारण मराठी माणसं इथेच जास्त.

इथेच घोडं पेंड खायला लागलं. कौरी टीव्ही दिवसभर नेटवर्कचेच कार्यक्रम दाखवतो, पण आसपासच्या क्लबांचा सामना थेट दाखवायचा असला तर नेटवर्कचा कार्यक्रम डावलायची त्याला मुभा आहे. आणि हिवाळ्यातल्या शनिवारी दुपारी या देशात दुसरं काय असतं? पहिल्या शनिवारी सुनीती पडद्यावर आली तेव्हा कार्यक्रमाचा निम्मा वेळ आणि तिचा "नमस्कार" दोन्ही संपले होते. दुसऱ्या शनिवारी ती आलीच नाही. तिसऱ्या शनिवारी पावसाने रग्बीचं मैदान तळं झालं, म्हणून आम्ही सगळे आनंदलो. तर ग्रेगने एका हॉलमध्ये कॅमेरे नेऊन इनडोअर बाउल्स दाखवले. पांढऱ्या कपड्यातले आजोबा वाकून वाकून चटईवर गोळे घरंगळवत होते, आणि त्या गोळ्यांपायी आमची ख्यालीखुशाली गेली.

गंमत म्हणजे तिकडे क्राइस्टचर्चला सगळे भाग बिनचूक दिसत होते. तिथल्या स्टेशनला शनिवारी दाखवायला काही नव्हतं म्हणे. मग तिथल्या रिकार्टनहून ऑकलंडला फोन यायचे, "अय्या, तुमच्या विनितावहिनींनी केवढी सुंदर पैठणी नेसली होती मुलाखतीत!" विनितावहिनींना स्वतःची मुलाखत अशी फोनवरून ऐकावी लागली. त्यांचा संताप झाला, आणि तो संताप त्यांनी तडक आमच्या घरी फोन करून माझ्यावर काढला.

कारण सगळे फोन आमच्याच घरी यायचे. मी हिल्सबरोच्या एका फार्मसीत औषधं देते. शनिवारी दुपारी घरी येऊन चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच फोन सुरू.

"कल्याणी, हे काय चाललंय? चंद्रहासला सांग की जरा!"

"कल्याणी, नुसतं एक बटण दाबायचं असतं ना त्याला?"

"वहिनी, आपला माणूस आत असून ही अवस्था, तर नसता तर काय झालं असतं?"

शेवटचा प्रश्न शशिकांतचा. शशिकांत इथे शिकायला आला आणि इथलाच झाला; आता वीज कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये लोकांच्या तक्रारी घेतो. तो तरी समजूतदार असेल असं मला वाटायचं.

मी चंद्रहासला विचारलं की यावर काही उपाय आहे का. तो म्हणाला, आहे, आणि अगदी सोपा आहे. मागे एकदा ग्रेगने रग्बीसाठी बागकामाचा कार्यक्रम कापला होता. तेव्हा टिटिरांगीपासून हेंडरसनपर्यंतच्या म्हाताऱ्या बायकांनी रिसेप्शनवरच्या टिनाला फोन करकरून बेजार केलं. गुलाबाची छाटणी कधी करायची ते आता कोण सांगणार, म्हणून एकजण रडलीसुद्धा. पुढच्या आठवड्यात बागकाम आपल्या जागेवर परत आलं आणि त्याला कोणी पुन्हा हात लावला नाही. ग्रेग रग्बीसाठी जीव टाकतो, पण फोनला घाबरतो. एवढ्या लहान कार्यक्रमाचे प्रेक्षक मोजायचं दुसरं साधनच त्याच्याकडे नाही. फोन आला तर लोक आहेत, नाही आला तर नाहीत.

"मग मी करते की," मी म्हटलं.

"तुझा धरणार नाहीत. स्टाफच्या घरचे फोन मोजत नाहीत. सुनीतीचाही नाही. बाकी कोणीही करू दे. चारपाच आले तरी पुरे."

चारपाच! मला हायसं वाटलं. त्या आठवड्यात आमच्याकडे ज्याचा ज्याचा फोन आला त्याला मी स्टेशनचा नंबर दिला आणि गोड आवाजात सांगितलं, "स्टेशनला फोन करा ना. खरंच उपयोग होतो."

त्याचा परिणाम काय झाला, तर आम्ही माजलो अशी बातमी पसरली. "स्टेशनला फोन करा म्हणाली! आम्हाला! म्हणजे सरळ कटवलं की." विनितावहिनींनी देवळात मला बघून मान फिरवली. कोणीतरी म्हणालं, आतला माणूस असताना दारावरून अर्ज करायचा तर मग ओळखी कशाला ठेवायच्या. कोणी म्हणालं, चंद्रहासला प्रमोशन हवंय म्हणून तो गोऱ्यांची बाजू घेतो. खुद्द स्टेशनवर मात्र टिना शनिवारभर नखं रंगवत बसायची. एकही फोन नाही. आम्ही सगळे इतके चिडलो होतो, आणि ते आम्हाला सोडून कोणालाही माहीत नव्हतं.

असा तो हिवाळा गेला. सुनीतीचे भाग कधी अर्धे, कधी पाव, कधी नाहीच. ती माझ्याकडे रडली नाही, पण एकदा म्हणाली, "कल्याणी, मी पाचजणसुद्धा नाही गं गोळा करू शकले?" मला इतकं वाईट वाटलं आणि इतका राग आला की मी फोन ठेवल्यावर भांडी आपटून घासली.

शेवटचा भाग राहिला. तो सुनीतीने जिवापाड मेहनत करून केला होता, इथल्या मराठी नर्सेसवर. पण त्यात डॉक्टरसाहेब शिरले होते. डॉक्टरसाहेब म्हणजे धैर्यशील, विनितावहिनींचे यजमान, मोठे हाडांचे डॉक्टर आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष. नर्सेसविषयी बोलायला डॉक्टर हवाच, असं त्यांनीच सुचवलं होतं, आणि तो डॉक्टर कोण असावा हेही. त्यामुळे शेवटच्या भागासाठी त्यांनी हिल्सबरोच्या आपल्या बंगल्यात अख्ख्या मंडळाला बोलावलं. भिंतीएवढा नवा टीव्ही. साबुदाणावडे. सुनीतीला मधल्या सोफ्यावर बसवलं. ती साडी नेसून आली होती आणि हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. पुढच्या वर्षीचा निर्णय नेटवर्क सोमवारी घेणार होतं.

अर्थात तेव्हा टीव्हीवर क्लबांचा अंतिम सामना चालू होता. कार्यक्रमाची वेळ जवळ आली तेव्हा दोन्ही बाजूंचे गुण सारखे झाले. मग जादा वेळ. चिखलाने माखलेली माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती. कार्यक्रमाची वेळ झाली आणि उलटूनही गेली.

"चंद्रहासला लाव," डॉक्टरसाहेब मला म्हणाले.

"तो ड्यूटीवर मोबाइल बंद ठेवतो."

"असा कसा बंद ठेवतो? आपली माणसं इथे बसलीयेत!"

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू सामना मीच बरोबरीत सोडवला होता. माझं डोकं तडकलं. मी उठले, डॉक्टरांच्या टेलिफोनचं स्पीकरचं बटण दाबलं आणि स्टेशनचा नंबर फिरवला.

"घ्या," मी म्हटलं. "आत्ता बोला. तीन वाक्यं बोलायची आहेत. मी अमुक, मला हा कार्यक्रम बघायचा होता, तो का दाखवला नाहीत. बास. नावागावासकट एवढे सगळे बोललात तर सोमवारी सुनीतीचं काम होईल."

पलीकडे घंटा वाजत होती. मी रिसीव्हर शशिकांतपुढे धरला.

"मी?" शशिकांत मागे सरकला. "वहिनी, आठवडाभर मी लोकांच्या तक्रारीच ऐकतो. तक्रार करणाऱ्यांना आम्ही पाठीमागे काय काय म्हणतो, तुम्हाला माहीत नाही."

मी तो विनितावहिनींपुढे धरला. त्यांनी वड्यांचं ताट उचललं आणि ते गरम करायला आत गेल्या. वडे गरमच होते. त्यांच्या वडिलांपुढे धरला. काशिनाथकाका मुलीकडे सहा महिने राहायला आले होते. ते हात जोडून म्हणाले, "मी व्हिजिटर व्हिसावर आहे, मला यात घेऊ नका." कोणी म्हणालं, आपलं इंग्लिश ऐकून हसतील. कोणी म्हणालं, आपण इथे पाहुणे, एका माणसाने तक्रार केली की सबंध समाजाचं नाव खराब होतं. हीच मंडळी दर शनिवारी मला फोनवर फैलावर घेत होती, तेव्हा समाजाचं नाव कुठे गेलं होतं देव जाणे.

डॉक्टरांची मुलगी अनुया जिन्यात बसून हे बघत होती. ती म्हणाली, "बाबा, जस्ट टॉक टू देम. पीपल रिंग अप हीप्स." इथे लोक सारखे फोन करतच असतात, असं तिचं म्हणणं.

मुलीदेखत आता डॉक्टरांना माघार घेता येईना. त्यांनी घसा साफ केला, कुर्ता सारखा केला आणि माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. सुनीतीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. इतक्या आठवड्यांत मी तिच्या चेहऱ्यावर आशा बघितली ती तेव्हाच.

"किया ओरा, कौरी टीव्ही, टिना हिअर," स्पीकरमधून आवाज आला.

"किया ओरा!" डॉक्टरसाहेबांनीही इथला माओरी नमस्कार केला, हॉस्पिटलात राउंडला निघाल्यासारख्या आवाजात. "धिस इज डॉक्टर धैर्यशील, फ्रॉम हिल्सबरो. आय ॲम कॉलिंग रिगार्डिंग द रग्बी."

"ओह, यस?" टिनाचा आवाज जरा सावध झाला. बागकामवाल्या बायका तिला आठवल्या असणार. "व्हॉट अबाउट इट?"

डॉक्टरसाहेबांनी आमच्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे. कपाळावर घाम आला होता. रोज हातोडी आणि करवत घेऊन माणसांची हाडं सरळ करणारा हा गृहस्थ, पण कार्पेटच्या दुकानावरच्या एका पोरीला 'मला हे आवडलं नाही' एवढं म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

"इट इज," ते म्हणाले, "अ व्हेरी गुड मॅच. व्हेरी एक्सायटिंग. वेल डन टू ऑल ऑफ यू."

"ऑ, दॅट्स सो नाइस!" टिना खूश झाली. ग्रेगला सांगते हं, असं तिने तिच्या भाषेत म्हटलं, आणि 'मस्तच' या अर्थाने "स्वीट ॲज, डॉक्टर!" म्हणून फोन ठेवून दिला.

टीव्हीवर कोणीतरी चिखलात घसरत जाऊन शेवटचे गुण मिळवले आणि लोक मैदानात धावले.

"आधी दोन शब्द गोड बोलून घ्यायचे असतात," डॉक्टरसाहेब म्हणाले. "मग मुद्द्यावर यायचं. मी येणारच होतो. तिनेच घाईने ठेवला."

"बरोबर आहे," शशिकांत म्हणाला. "संबंध बिघडवून चालत नाही."

अनुया जिना चढून आपल्या खोलीत निघून गेली. विनितावहिनी गरम वड्यांचं गरम ताट घेऊन बाहेर आल्या. सुनीतीने एक वडा घेतला, पूर्ण खाल्ला, "छान झालेत" म्हणाली आणि घरी गेली. तिचा भाग शेवटी लागलाच नाही. सामन्यानंतर कप देण्याचा समारंभ होता, तोही थेट.

सोमवारी नेटवर्कच्या बाईंनी ग्रेगला फोन करून विचारलं की ऑकलंडच्या भारतीय लोकांना हा मराठी कार्यक्रम हवाय का. चंद्रहास तेव्हा तिथेच होता, म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे. ग्रेग म्हणाला, कार्यक्रमासाठी एकही फोन नाही, एकदा अर्धा दाखवला काय, अजिबात दाखवला नाही काय. उलट शनिवारी त्याच लोकांतल्या एका मोठ्या डॉक्टरांनी मुद्दाम फोन करून रग्बीबद्दल अभिनंदन केलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. मला ग्रेगचा राग यायला हवा होता, पण तो माणूस सगळा हिवाळा फोनपाशी वाट बघत होता असंच म्हणायला पाहिजे.

दुपारी बाईंनी सुनीतीला कळवलं. फार सभ्यपणे बोलल्या म्हणे. कार्यक्रम सुंदर होता, पण कोणाला त्याची उणीव भासलेली दिसत नाही. सुनीतीने "थँक यू" म्हटलं, मास्क चढवला आणि थिएटरमध्ये गेली. तिथे पुढची केस तयार होती.

मंडळाने निषेध सभा घेतली. ठराव कडक शब्दांत लिहिला, सर्वांनी उभं राहून संमत केला आणि तो स्टेशनात 'आतून' पोचवायला म्हणून चंद्रहासच्या हाती दिला.

पण ग्रेग त्या डॉक्टरांना विसरला नव्हता. पुढच्या मोसमाच्या जाहिरातीसाठी त्याला वेगवेगळ्या समाजांतले चेहरे हवे होते. त्याने डॉक्टरसाहेबांना बोलावलं. डॉक्टरसाहेब "छे छे, मी कसला" म्हणत गेले. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप (हाडांच्या डॉक्टरला तो कशाला लागतो, मला माहीत नाही), काखेत रग्बीचा चेंडू. कॅमेऱ्याकडे बघून ते हसतात आणि म्हणतात, शनिवारी दुपारी घरीच बसा आणि कौरी टीव्ही बघा, हा माझा सल्ला आहे. ही जाहिरात दिवसातून कितीतरी वेळा लागायची, ठरलेल्या वेळी, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. जाहिरात कोणीही डावलत नाही.

दिवाळीला माउंट रॉस्किलच्या शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम होता. कौरी टीव्हीवर झळकलेला पहिला मराठी चेहरा म्हणून डॉक्टरसाहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला. सुनीती त्या टीव्हीवर झळकली नव्हती का, असं मी कमिटीत विचारलं. शशिकांत म्हणाला, "वहिनी, पण तिला बघितलं कोणी?"

सत्कार सुरू व्हायच्या आधी डॉक्टरसाहेब शाल पांघरून घेण्याच्या तयारीने खांदे सरळ करत पुढे आले, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की चित्रीकरणाची सोयच केलेली नाही. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. सुनीती माझ्या शेजारी चकली खात बसली होती.

"अगं सुनीती," ते प्रेमाने म्हणाले, "तुझ्याकडे कॅमेरा आहेच. आता तशी मोकळीच आहेस. एवढं शूट करून टाक ना. भारतात पाठवायचंय."

सुनीतीने उरलेली चकली तोंडात टाकली, हात पुसले, पर्स खांद्याला लावली. मग त्यांच्यापेक्षाही प्रेमाने म्हणाली, "स्टेशनला फोन करा ना, डॉक्टरसाहेब. खरंच उपयोग होतो."

आणि ती चालू पडली. हॉलचं दार तिच्यामागे लागेपर्यंत डॉक्टरसाहेब तिकडे बघत राहिले.

"बघितलंस?" ते मला म्हणाले. "सरळ कटवलं!" मग आवाज खाली आणून, माझ्याजवळ वाकून म्हणाले, "कल्याणी, चंद्रहासला विचार ना जरा. आतून एखादा कॅमेरावाला मिळेल का?"